छातीच्या आतली धमनी

[दृश्य: प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलं डिस्चार्ज कार्ड]

निवेदन:
बायपास झालेल्या माणसाच्या घरी हे कार्ड जपून ठेवलेलं असतं. त्यावर एक ओळ बहुधा सापडतेच: 'लिमा टू एलएडी'. पायाची शीर काढली हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, कारण पोटरीवरचा व्रण रोज दिसतो. लिमाचं नाव मात्र कुणी काढत नाही. तिचा वेगळा व्रण नसतो.

लिमा ही छातीच्या हाडामागे, डाव्या कडेने खाली उतरणारी धमनी. जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. सर्जन तिला छातीच्या भिंतीपासून हलक्या हाताने सोडवतात, बारीकसारीक फांद्यांना क्लिपा लावतात आणि फक्त खालचं टोक कापतात. वरचं असतं तिथेच राहतं. मोकळं टोक हृदयाच्या पुढच्या बाजूच्या एलएडी या धमनीला, ब्लॉकच्या पलीकडे, केसासारख्या धाग्याने शिवतात.

[दृश्य: लेनिनग्राडची जुनी छायाचित्रं]

छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला टाके घालून जोडणं माणसात पहिल्यांदा यशस्वी केलं सर्जन वासिली कोलेसोव यांनी. लेनिनग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग), 25 फेब्रुवारी 1964. हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन नाही, हृदय धडधडतंय, आणि त्यावर टाके! या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, याची खंत वाटते.

1967 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरली आणि जगाने तीच वाट धरली. शीर लांब मिळते, काढायला सोपी. पण तिला धमनीच्या दाबाची सवय नसते. तिची भिंत जाड होत जाते आणि दहा वर्षांत साधारण निम्म्या शिरा अरुंद होतात किंवा बंद पडतात. लिमा मात्र दहातल्या नऊ जणांत वाहती राहते. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार करतं, त्यामुळे ती सैल राहते आणि आत चरबी सहजी साचत नाही. लिमा एलएडीला जोडलेले रुग्ण जास्त जगतात, हे 1986 मध्ये त्याच क्लीव्हलँड क्लिनिकने दाखवून दिलं.

मग बाकीच्या ब्लॉकना शीरच का? उजव्या बाजूचीही तशीच धमनी असते. पण दोन्ही काढल्या तर हाडाचा रक्तपुरवठा घटतो. मधुमेह असेल तर जखम चिघळण्याची धास्ती वाढते. दोन काढून आयुष्य वाढतंच, असं मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतरही स्पष्ट दिसलेलं नाही. तरीही पन्नाशीतल्या रुग्णासाठी हा प्रश्न सर्जनना आवर्जून विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

हाताची धमनीही चालते. त्याआधी एक साधी तपासणी होते.

[दृश्य: मनगट, जवळून]

रुग्ण मूठ आवळतो. डॉक्टर मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरतात. मूठ उघडली की तळवा पांढराफटक. मग डॉक्टर करंगळीच्या बाजूच्या धमनीवरचं आपलं बोट उचलतात. काही सेकंदांत तळवा पुन्हा गुलाबी झाला, तर अंगठ्याच्या बाजूची धमनी हृदयासाठी घेता येईल.