पंखा का घोंघावतोय?

हा आवाज ऐका. कॉम्प्युटरवर कुणी बसलेलं नाही, स्क्रीनवर एकही खिडकी उघडी नाही, तरी आतला पंखा घोंघावतोय.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. आत्ता काय काय चालू आहे, त्याची ही हजेरी. सीपीयू म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू; त्याच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड प्रोग्राम वर येतो. अनोळखी नावं बघून दचकू नका, बरीचशी विंडोजचीच असतात. 'एसव्हीसी-होस्ट' तर एका वेळी डझनांनी दिसतं.

पण ही ओळ पुन्हा वाचा. एस, सी, व्ही. दोन अक्षरांनी जागा बदलली आहे, वाचणाऱ्याची नजर घसरून जावी म्हणून. राइट क्लिक, ओपन फाइल लोकेशन. खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये असते. ही निघाली टेंप फोल्डरमध्ये, तात्पुरत्या फाइलींच्या ढिगात.

एंड टास्क दाबलं. गेली. आणि ही बघा, परत आली!

अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "फॉरमॅट मार." कधी कधी मारावाच लागतो. पण न बघता मारला, तर हा पाहुणा, म्हणजे हा घातक प्रोग्राम, आला कुठून ते कळत नाही, आणि ज्या फाइलमधून तो आला ती बॅकअपच्या पेनड्राइव्हवर सुखरूप राहते.

म्हणून आधी नेट तोडलं: केबल काढली, वायफाय बंद. मग ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारा टास्क शेड्युलर उघडला. 'अपडेट' अशा साळसूद नावाची ही नोंद दर पाच मिनिटांनी त्याला उठवत होती. ती पुसली, स्टार्टअपच्या यादीतूनही त्याला काढलं. शेवटी विंडोज सिक्युरिटीमधला डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. लपणारा अजून झोपेत असतो, तेव्हाच. साधारण १५ मिनिटं लागतात.

आता डाउनलोड्स फोल्डर. व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करतोय. नीट बघा: 'बिल डॉट पीडीएफ' होतं, त्याला मागून शेपूट फुटलं, 'डॉट ईएक्सई'. म्हणजे कागद नव्हे, प्रोग्राम. युक्ती जुनीच. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरस असाच प्रेमपत्र म्हणून आला होता. नावात टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर; शेपूट मात्र व्हीबीएसचं, तेही प्रोग्रामचंच. विंडोज अजूनही ही शेपटं आपणहून लपवून ठेवतं. का, कोण जाणे.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरीला गेले असंच धरा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून सगळे बदला, ईमेल आणि बँकेचे सगळ्यात आधी.

पुन्हा टास्क मॅनेजर. सीपीयू ३ टक्के. पंखा...

(निवेदन थांबतं. दहा सेकंद फक्त खोलीतला आवाज.)