दुपारी जमिनीखाली : बुरहानपूरला जायचं ठरवताना

(दृश्य : पहाटेचा फलाट. लांब पल्ल्याची गाडी सुटते. मागे दोन-चार माणसं आणि एक कुत्रं उरतं.)

बुरहानपूर तुम्ही ओलांडलेलं आहे. झोपेत.

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी गाडी भुसावळला थांबते. चहा होतो, कुणीतरी केळ्यांची फणी घेतं, मग दिवे मालवले जातात. सावदा, निंभोरा, रावेर एकेक करून मागे जातं आणि आपण वरच्या बर्थवर घोरत असतो. वाघोडा गेलं की महाराष्ट्र संपतो, आणि संपल्यासंपल्या जे पहिलं मोठं स्टेशन लागतं, ते हे. खिडकीतून पाहिलं तर फक्त केळीच्या बागा दिसतात. उतरावंसं वाटेल असं काहीच नाही.

मी पहिल्यांदा उतरले ती मे महिन्यात. सुट्टी तेव्हाच होती, एवढाच विचार केला होता. सकाळी दहाला रिक्षाच्या रेक्झिनच्या सीटवर टेकले आणि तशीच उठून उभी राहिले. रिक्षावाल्याने मागे वळून एक सुती पंचा माझ्या अंगावर टाकला. "इसपे बैठो बाई. मई में कोई आता है क्या इधर?"

तेव्हा पहिली गोष्ट ही : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाही ऊन असतंच, पण ते अंगावर घेण्याजोगं असतं. आणि दुसरी गोष्ट, जी मला दुसऱ्या खेपेला उमगली : इथं दिवसाचा बेत आपण करायचा नसतो, तो सूर्यावर सोपवायचा. सकाळी नदी, भर दुपारी जमिनीच्या पोटात, ऊन उतरलं की मशीद, आणि संध्याकाळी तापीच्या पलीकडे. ज्यांनी हे शहर उभारलं त्यांनीही उन्हाशी भांडण मांडलं नव्हतं. त्यांनी पाणी खाली ठेवलं.

(दृश्य : तापीचं पात्र, सकाळचं कोवळं ऊन, नदीकाठची तटबंदी.)

पंधराव्या शतकाच्या आरंभी खानदेशच्या फारुकी सुलतानांनी हे शहर वसवलं आणि सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. या बुरहानुद्दीनांची कबर आपल्या खुलताबादला आहे. नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचं नाव, म्हणून जैनाबाद. म्हणजे तापीच्या एका काठावर गुरू, दुसऱ्या काठावर शिष्य.

आज बुरहानपूर मध्य प्रदेशात आहे, २००३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण. पण शतकानुशतकं ही खानदेशची राजधानी होती, आणि ते इथल्या बोलण्यात अजून ऐकू येतं. बाजारात हिंदी बोलणारा माणूस भाव करताना नकळत मराठीत शिरतो. मराठीत उत्तर दिलं की तो हसतो, भाव मात्र उतरवत नाही.

शाही किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. ऊन नदीवरून थेट तटावर येतं. आत पडझड बरीच आहे, महालाचा आकार मनातच जुळवावा लागतो. पण हमाम, म्हणजे शाही न्हाणीघर, शिल्लक आहे. मधोमध कोरड्या पडलेल्या कुंडाशी उभं राहून मान वर करा. छतावर रंगीत नक्षी आहे, पानं, फुलं, कळ्या, काही ठिकाणी इतकी ताजी की कुंचला नुकताच उचलला असावा. काही ठिकाणी चुना गळून पडलाय आणि तिथं फक्त विटेचा रंग. गाईड एका चित्राकडे बोट दाखवून "यही से ताजमहल का नक्शा बना" असं सांगतो. ऐकून घ्या. मानायलाच हवं असं नाही.

ताजमहालाचं नाव इथं उगाच निघत नाही. १६३० च्या सुमारास शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी या किल्ल्यात येऊन राहिला. त्याच काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला होता. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात इथं वारली. मूल जगलं, मुलगी होती, गौहर आरा. आई गेली. आग्र्याला संगमरवर बघायला आपण रांगा लावतो. ती गेली त्या गावी मात्र सकाळी आठ वाजता माझ्याखेरीज एक माळी होता, झारीने गुलाबाला पाणी घालत.

(दृश्य : उन्हाचा तडाखा वाढतो. रस्त्यावरची दुकानं अर्धी शटर खाली ओढतात.)

अकरा वाजले. आता खाली जायची वेळ.

स्टेशन शहरापासून काहीसं लांब, लालबाग भागात आहे. त्याच बाजूला कुंडी भंडारा. लोक खूनी भंडाराही म्हणतात, आणि ते नाव ऐकून पर्यटक आधी दचकतो. वरून पाहिलं तर मोकळ्या जागेत एका रांगेत विहिरींचे गोल कठडे दिसतात. एक, मग थोड्या अंतरावर दुसरा, तिसरा. कठड्यावरून आत डोकावलं की गार हवा तोंडावर येते. या शंभराहून जास्त कुंड्या आहेत आणि त्या सगळ्या तळाशी एका बोगद्याने जोडलेल्या आहेत.

हे काम १६१५ चं. मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खान-इ-खानान, म्हणजे शाळेच्या हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम, यांच्या काळातलं. बांधणारा जाणकार इराणहून आलेला, तबकुतुल अर्ज. इराणात अशा भुयारी पाटांना कनात म्हणतात. युक्ती ऐकायला सोपी आहे. सातपुड्याच्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे झिरपत निघतो. नदीला मिळण्याआधीच त्याला वाटेत अडवायचं. त्यासाठी जमिनीखाली बोगदा खणायचा, त्याला शहराच्या दिशेने अगदी बेताचा उतार द्यायचा. उतार जास्त झाला तर पाणी माती खात सुटेल, कमी झाला तर साचेल. वरच्या कुंड्यांतून हवा आणि उजेड आत जातो, आणि गाळ काढायला माणूस उतरतो. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपलं आपण चालत येतं. जमिनीखाली असल्याने उन्हाने आटत नाही.

नदी हाताशी असताना हा खटाटोप कशाला? गावात सांगतात, छावणीचं शहर, शत्रूने नदीत विष कालवलं तर काय, म्हणून. खरं-खोटं तापी जाणे. मला तरी मे महिन्यातली तापी पाहिल्यावर दुसऱ्या कारणाची गरज वाटली नाही.

अशा आठ व्यवस्था होत्या, त्यांतल्या सहा टिकल्या. मूल भंडारा, सूखा भंडारा आणि एकाचं नाव चिंताहरण. पाणीपुरवठा योजनेला इतकं चपखल नाव आजवर कुठल्या नगरपालिकेला सुचलेलं माझ्या ऐकिवात नाही.

(दृश्य : लिफ्टचा पिंजरा खाली जातो. वरचा उजेडाचा गोल लहान होत जातो.)

एका कुंडीत लिफ्ट बसवलेली आहे. सुमारे ८० फूट खाली. ती नेहमी चालू असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी गावातच चौकशी करून घ्या. मी एकदा बंद दारावरून परत आले आहे आणि तो सगळा दुपारचा वेळ एका पिंपळाखाली काढला आहे. चपला वरच ठेवा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडा. टॉर्च घ्या, मोबाइलचा नको, एक हात भिंतीला लागतो.

खाली उतरल्यावर पहिल्यांदा कळतं ते कानांना. वरचे हॉर्न, रेल्वे, माणसं, सगळं मिटतं. नुसता पाण्याचा आवाज, तोही पुटपुटल्यासारखा. मग पाय गार पडतात. मग डोळे सरावतात आणि भिंत दिसते. पांढरी. कुणी रंगवलेली नाही. चारशे वर्षं पाणी भिंतीवरून पाझरतंय, त्यातल्या चुन्याचे थर बसत गेलेत, एकावर एक, साय धरावी तसे. बोट फिरवलं तर खडबडीत लागतं, बाळाच्या दुधाच्या दातासारखं. डोक्यावर कुंडीतून उजेडाची एक काठी खाली उतरलेली असते. दहा-पंधरा पावलं अंधार, मग पुन्हा एक काठी.

पाणी ओंजळीत घेऊन बघा. प्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी प्यायले, काही झालं नाही, पण हा सल्ला नव्हे.

मार्च २०२४ मध्ये या भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. यादीत नाव गेल्याने काय होतं? फलक येतो, तिकीट येतं, कठड्याला रंग येतो. सातपुड्यावरची झाडं मात्र फलकाने येत नाहीत, आणि पाणी मुरतं ते तिथं.

(दृश्य : कढई. तुपाचा बुडबुडा. काळसर जिलबीचं वेटोळं.)

वर आलात की भूक लागलेली असेल. बुरहानपूरची जिलबी मैद्याची पिवळी जिलबी नव्हे. ही माव्याची. खवा आणि आरारूट एकत्र मळून त्याचं जाड वेटोळं कढईत सोडतात, गडद तपकिरी होईपर्यंत तळतात आणि पाकात बुडवतात. दिसायला जळल्यासारखी, खायला गुलाबजामाची थोरली बहीण. मुंबईत रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर ज्या जिलबीसाठी गर्दी उसळते, ती हीच, पाटीवर गावाचं नाव असतं. दोन खाल्ल्या की पुरे. मी तीन खाल्ल्या.

आणि मांडे. आपल्या खानदेशात मांडा म्हटलं की पुरणाचा, खापरावरचा. इथं तो पुरणाशिवाय असतो. रुमालासारखा पातळ, परातीपेक्षा मोठा, घडी घालून हातात देतात, रश्शासोबत खायला. बनवणारा माणूस तो हवेत इतका पसरवतो की पलीकडचा रस्ता दिसतो. त्यावरून आठवलं : सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए इथून गेला, आणि इथल्या झिरझिरीत मलमलीबद्दल त्याने लिहून ठेवलंय. इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत ती जाई. मलमल गेली. विणणं मात्र राहिलंय. गल्लीत शिरलात की यंत्रमागांचा खडखडाट दुपारभर साथ करतो.

(दृश्य : जामा मशिदीच्या कमानी, तिरपं ऊन.)

चारच्या सुमारास जामा मशीद. शुक्रवार टाळा, किंवा नमाज होईपर्यंत थांबा. राजा अली खान फारुकीने बांधलेली, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. पंधरा कमानींची दर्शनी भिंत आणि दोन मिनार. आत एका कोपऱ्यात भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्या खाली देवनागरी अक्षरं. वाचायला लागलं तर संस्कृत! "श्री सृष्टिकर्त्रे नमः" अशी सुरुवात. पुढे अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत अशा ईश्वराला वंदन, मग सुलतानाची वंशावळ, आणि मुहूर्ताचे तपशील थेट पंचांगातल्यासारखे. शक १५११. मशिदीच्या भिंतीवर शके आणि तिथी पाहताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी शांतपणे म्हटलं, "सबको समझना चाहिए ना, कब बनी."

मराठी माणसाला या गावात दोन हिशेब आठवतात. १६८१ च्या सुरुवातीला, राज्याभिषेकाला पुरते काही आठवडेही झाले नसताना, संभाजीराजांच्या फौजेने बुरहानपूरच्या बाहेरची बहादुरपुराची श्रीमंत पेठ लुटली. मुघलांचा दख्खनचा दरवाजाच खिळखिळा झाला. त्याच वर्षी औरंगजेब जातीने इथं येऊन दाखल झाला. दुसरा हिशेब मिर्झाराजे जयसिंगांचा. १६६५ साली पुरंदरचा तह घडवून आणणारा हा सेनापती दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, याच गावात वारला. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ बोहरडा गावी त्याची छत्री आहे. वेळ असेल तर जा, वाट केळीतून जाते. तिथं मृगबागेचे घड उतरवत असलेला शेतकरी तुम्हाला छत्रीपेक्षा केळीच्या भावाबद्दल जास्त सांगेल, आणि तेही ऐकण्यासारखं असतं.

शिखांसाठी इथं गुरुद्वारा बडी संगत आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना या गावी थांबले होते. दाऊदी बोहरांची दर्गाह-ए-हकीमी आहे, पांढरीशुभ्र. असीरगड आहे, २० किलोमीटरवर, पण तो वेगळा दिवस मागतो. एका दिवसात कोंबू नका.

(दृश्य : जैनाबाद. मावळतीचं ऊन. शेतातल्या पडक्या भिंती.)

संध्याकाळ नदीपलीकडे. आहूखाना म्हणजे हरणांची बाग. मुमताजला आधी इथं पुरलं होतं. सहा महिने. डिसेंबरात तिचा देह काढून आग्र्याला नेला. पुढे १७४८ साली हैदराबादचा पहिला निजाम बुरहानपुरातच वारला, तर त्यालाही खुलताबादला नेलं, त्याच बुरहानुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात. या गावात माणसं येऊन मरतात आणि दुसरं गाव त्यांची कबर मिरवतं.

आहूखान्यात आता पडकी बारादरी आहे, सुकलेला हौद आहे आणि भिंतीच्या सावलीत बसलेल्या पाच शेळ्या. नदीपलीकडे किल्ला काळा पडत जातो, कारण सूर्य त्याच्या पाठीमागे उतरतो. शेळ्यांची मालकीण, सत्तरीची असावी, मला म्हणाली, "तू भी कबर देखने आयी? यहाँ तो कुछ नहीं है." आणि तिने सरकून सावलीत जागा करून दिली. सावलीची तेव्हा काहीच गरज नव्हती. मी बसले.

(दृश्य : रात्रीचा फलाट.)

परतीची गाडी रात्रीची धरा. जिलबीचं पुडकं घेतलंत तर बॅगेत वेगळ्या पिशवीत ठेवा. भुसावळ येईपर्यंत त्याचा कागद पाकाने असा भिजतो की आतलं वेटोळं बाहेरून मोजता येतं.