कावडीवरच्या नूडल्स, घरच्या कढईत

चीनच्या सिचुआन प्रांतातील शहरांच्या गल्ल्यांतून पूर्वी नूडल्स विकणारे फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन फिरत असत. कावडीच्या एका टोकाला शेगडी आणि तिच्यावर पाण्याचे भांडे असे, तर दुसऱ्या टोकाला नूडल्स, वाट्या, मसाल्यांच्या बरण्या आणि आधीच परतून ठेवलेला खिमा. गिऱ्हाईक समोर आले की वाटीत मसाले पडत, उकळत्या पाण्यात नूडल्स पडत, आणि त्या शिजून वाटीत उतरल्या की वरून चमचाभर खिमा घालून वाटी गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाई. दानदान नूडल्स या नावाने जगभर पोहोचलेला पदार्थ असा कावडीवर घडला. आज आपण तो घरच्या शेगडीवर, गोमांसाचा खिमा वापरून करणार आहोत. सामान घरात असेल, तर दोन माणसांचे रात्रीचे जेवण साधारण अर्ध्या तासात तयार होते.

हा वेग कोणतीही पायरी गाळून आलेला नाही. कावड खाली ठेवल्यावर विक्रेत्याला एकच काम करायचे उरे, ते म्हणजे नूडल्स शिजवणे. बाकी सारे तो आधी उरकून निघालेला असे. रश्शाचे ओझे खांद्यावरून वाहणे त्याला परवडणारे नव्हते, म्हणून या पदार्थाची चव पातळ रश्शात नसते, ती वाटीच्या तळाशी असलेल्या दाट सॉसमध्ये असते. घरी करणाऱ्यानेही तोच क्रम ठेवावा: आधी वाटी, मग खिमा आणि सर्वांत शेवटी नूडल्स. नूडल्स आधी शिजवून ठेवल्या, तर खिमा होईपर्यंत त्या एकमेकींना चिकटतात आणि पुढे कितीही सॉस घातला तरी मोकळ्या होत नाहीत.

सिचुआनमध्ये या नूडल्सवर बहुधा डुकराच्या मांसाचा खिमा असतो, परंतु गोमांसही त्या प्रांताला परके नाही. झिगोंग हे तेथील जुने मिठाचे शहर. जमिनीत खोल विहिरी पाडून त्यांतील खारे पाणी वर काढायचे आणि ते आटवून मीठ करायचे, हा या शहराचा शतकानुशतकांचा व्यवसाय होता. तेथील शेनहाय विहीर 1835 साली 1,000 मीटरपेक्षा अधिक खोलीपर्यंत पोहोचली होती. हे पाणी वर ओढणारे प्रचंड रहाट बैल आणि रेडे फिरवीत असत, आणि काम करून थकलेली जनावरे शेवटी कामगारांच्या स्वयंपाकात येत. सिचुआनचे गोमांसाचे अनेक तिखट पदार्थ याच शहराशी जोडले जातात, आणि दानदान नूडल्सचे मूळही झिगोंगमध्येच असल्याचे सांगितले जाते.

आता वाटीकडे वळू. प्रत्येक वाटीत एक मोठा चमचा सोया सॉस, दोन लहान चमचे भाजलेल्या तिळाची पेस्ट, एक लहान चमचा काळे व्हिनेगर, अर्धा लहान चमचा साखर आणि दीड ते दोन मोठे चमचे मिरचीचे तेल घ्यावे. व्हिनेगर सिचुआनमधील लांगझोंगचे किंवा ज्यांगसू प्रांतातील झेनज्यांगचे असेल तर उत्तम, कारण धान्यापासून मुरवलेल्या या व्हिनेगरला आंबटपणाबरोबर एक खोल, किंचित गोडसर चव असते. मिरचीचे तेल घरी करणे अवघड नाही. तेल धूर येईपर्यंत तापवावे, आच बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग ते जाडसर कुटलेल्या सुक्या मिरचीवर ओतावे. तेल फार गरम असेल तर मिरची जळून कडवट होते, आणि थंड असेल तर रंगही उतरत नाही आणि वासही सुटत नाही. या कामाला बेडगी मिरची फार चांगली, कारण तिच्यात रंग भरपूर असतो आणि तिखटपणा बेताचा असतो.

या वाटीचा प्राण मात्र मिरचीत नसून सिचुआन मिरीत आहे. काळ्या मिरीशी तिचे काहीही नाते नाही. तिचे खरे नातलग कोकण आणि गोव्याच्या स्वयंपाकघरात सापडते, ते म्हणजे तिरफळ. दोन्ही झाडे एकाच कुळातील, एकाच प्रजातीगटातील आहेत. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या घरांना जिभेवर येणारी ती बारीक मुंगी ओळखीची असते, आणि काळे बी टाकून फक्त साल वापरायची, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. ही संवेदना सानशूल नावाच्या द्रव्यामुळे निर्माण होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की ओठांवर जाणवणारी ही थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांशी जुळते. म्हणजे सिचुआन मिरी चवीबरोबर स्पर्शाच्या मज्जातंतूंनाही जागे करते. मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून, कुटून आणि चाळून घेतलेली ही पूड प्रत्येक वाटीत पाव लहान चमचा पुरते. ती मिळाली नाही तर तिरफळाची पूड जरूर वापरावी, पण तिचा वास उग्र असल्याने आणखी हात आखडता ठेवावा. मुंबईच्या गाड्यांवर शेजवान म्हणून मिळणाऱ्या सॉसमध्ये मिरची आणि लसूण असतात, पण ही मिरी बहुधा नसते, आणि म्हणूनच त्या सॉसने हा पदार्थ साधत नाही.

वाट्या बाजूला ठेवून आपण कढईपाशी येतो, आणि इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण सर्वाधिक घरांत हा पदार्थ याच टप्प्यावर फसतो. दोन माणसांना 150 ग्रॅम खिमा पुरतो. त्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी असावी. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तेथील प्रेक्षकांनी म्हशीच्या किंवा बोकडाच्या मांसाचा खिमा घ्यावा आणि तो चरबीला कमी असल्यास तेल चमचाभर वाढवावे. लोखंडी कढई चांगली तापल्यावर तेल घालून खिमा पसरावा आणि मिनिटभर त्याला अजिबात हात लावू नये.

आता आवाज ऐका. सुरुवातीला कढईतून येतो तो बुडबुड्यांचा ओला आवाज आहे, कारण मांसातील पाणी बाहेर पडून उकळत आहे. हे पाणी कढईत असेपर्यंत खिम्याचे तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकून राहते, मग खालची आच कितीही मोठी असो. खिमा राखाडी दिसू लागतो आणि अनेकजण तो शिजला म्हणून तिथेच थांबतात. शिजलेला तो असतोच, परंतु मांसातील प्रथिने आणि शर्करा यांच्या संयोगातून खमंगपणा निर्माण करणारी क्रिया त्यापेक्षा बरीच वर, साधारण 140 अंशांच्या पुढे, जोमाने सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 साली वर्णन केलेली ही क्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून पाणी पूर्ण आटू द्यावे, कालथ्याने गुठळ्या फोडत राहावे आणि ओला आवाज जाऊन चुरचुर तडतड ऐकू येईपर्यंत धीर धरावा. दाणा न् दाणा सुटा होतो, कडा तपकिरी होतात आणि तेल स्वच्छ दिसू लागते. एवढ्या थोड्या खिम्याला यासाठी सहा-सात मिनिटे लागतात, आणि या जेवणातील सर्वांत मोलाची मिनिटे तीच आहेत. खिमा दुप्पट असेल तर तो दोन वेळा परतावा, कारण गच्च भरलेल्या कढईत पाणी आटण्याऐवजी साचते.

खिमा खमंग झाल्यावर त्यात बारीक चिरलेले आले-लसूण, शाओशिंगची तांदळाची वाइन एक मोठा चमचा, दोन लहान चमचे सोया सॉस आणि यीबिनची यात्साई घालावी. यात्साई म्हणजे मोहरीच्या जातीच्या भाजीचे देठ सुकवून, मीठ, साखर आणि मसाल्यांत मुरवलेले लोणचे. ते खारट असते, म्हणून पाण्यातून काढून, पिळून, दोन मोठे चमचे घ्यावे आणि खिम्यात वेगळे मीठ घालू नये. वाइन वापरायची नसेल तर ती सरळ वगळावी. पदार्थ अडत नाही.

नूडल्स गव्हाच्या, बारीक आणि शक्यतो ताज्या असाव्यात. दोघांसाठी 250 ग्रॅम पुरेशा होतात. चिनी बाजारात पिवळसर दिसणाऱ्या नूडल्समध्ये पापडखारासारखा क्षार मळलेला असतो आणि त्यामुळे त्यांना ताण आणि लवचीकपणा येतो. मोठ्या भांड्यातील खळखळत्या पाण्यात ताज्या नूडल्स दोन-तीन मिनिटांत शिजतात. त्या उकळत असतानाच प्रत्येक वाटीत त्या पाण्यातील दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून तिळाची पेस्ट फेटून घ्यावी. पाण्यात उतरलेल्या पिठामुळे सॉस एकजीव होतो आणि नूडल्सना नीट धरून राहतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाण्यात मूठभर पालेभाजी टाकावी. चेंगदूमध्ये वाटाण्याचे कोवळे शेंडे घालतात, पण पालकही चालतो.

नूडल्स निथळून वाटीत घालाव्यात, वर भाजी, त्यावर खिमा आणि भरड कुटलेले भाजके शेंगदाणे टाकावेत. खाणाऱ्याने वाटी हातात घेतल्याबरोबर तळापासून वर असे नीट कालवावे, कारण सगळा मसाला खाली आहे. खाताना थांबू नये. दहा मिनिटांत नूडल्स सॉस शोषून घेतात आणि कोरड्या पडतात. तशा पडल्याच, तर शिजवण्याचे उरलेले पाणी चमचाभर घालून पुन्हा कालवाव्यात.

खिमा मुद्दाम जास्त करून ठेवावा. झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये तो तीन-चार दिवस चांगला राहतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी कढईत नुसता गरम केला की पुन्हा कुरकुरीत होतो. त्या दिवशी शेगडीवर काम उरते ते फक्त नूडल्स उकळण्याचे.