वाचाघातानंतर नवरा-बायकोचं बोलणं

श्रोतेहो, नमस्कार.

मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघाताचा झटका आला, की बऱ्याचदा उजव्या हातापायाबरोबर भाषाही जाते. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत अफेझिया. जीभ जड होऊन उच्चार बोबडे होणं वेगळं. वाचाघातात शब्दच सापडत नाही, किंवा ऐकलेलं वाक्य नीट उमगत नाही. माणूस मात्र तोच असतो. गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी आल्यावर हातापायांचे व्यायाम सुरू होतात आणि बोलण्याचं 'येईल हळूहळू' म्हणून मागे पडतं.

इथे घरोघरी एक गैरसमज होतो. चवथीला सगळ्यांबरोबर आख्खी आरती म्हणतो, चिडला की शिवीही स्पष्ट देतो, मग बायकोला नावाने हाक मारायला काय होतं? नाटकं करतो! नाही हो. आरती, आकडे, शिव्या हे सवयीचं बोलणं; ते बहुधा आपोआप बाहेर पडतं. मनातलं सांगायला मात्र दरवेळी नवा शब्द शोधावा लागतो, आणि अडतं ते तिथेच. त्या शिवीचाही अर्थ लावत बसू नका.

म्हणूनच चांगली स्पीच थेरपी रुग्णाइतकीच जोडीदाराचीही तालीम घेते. टीव्ही बंद करायचा, समोरासमोर बसायचं, कागद आणि जाड पेन हाताशी ठेवायचं. एका वेळी एकच विषय. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. हेच सगळ्यात जड जातं.

समजा, नवरा 'ते... ते...' करत खिडकीकडे हात करतोय. बायकोने चहा, गोळी, नुस्तं म्हणजे मासळी अशी यादी सुरू केली की तो वैतागतो. त्यापेक्षा कागदावर ठळक लिहा: वस्तू, माणूस, पैसे. त्याने 'माणूस'वर बोट ठेवलं. घरातला की बाहेरचा? बाहेरचा. खिडकीबाहेर माड आहेत. 'पाडेली?' म्हणजे नारळ पाडणारा. मान हलली. आता खात्री करा: 'पाडेल्याला बोलवायचं, असंच ना?' मग उलटंही विचारा: 'म्हणजे बोलवायचं नाही?' दोन्हीला 'हो' आलं, तर त्या 'हो'चा भरवसा धरू नका; कागदावर 'हो' आणि 'नाही' लिहून बोट ठेवायला सांगा. कळलं नसताना कळल्यासारखी मान मात्र डोलवू नका, ते त्याला बरोबर कळतं. आणि चमचा दाखवून 'हे काय, सांग पाहू' अशी परीक्षा पाहुण्यांसमोर तर नकोच.

काहींचं बोलणं उलट घडाघडा चालतं, पण शब्द भलतेच असतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. तिथे दरवेळी चूक दाखवून उपयोग नाही. छोटी वाक्यं, हातवारे, वस्तू प्रत्यक्ष दाखवणं याने काम होतं. ओरडून बोलू नका, कान शाबूत आहेत.

गोव्यात आणखी एक गोष्ट थेरपिस्टला सांगायलाच हवी: घरात कोंकणी, वाचन मराठीत, हिशोब कुठल्या भाषेत? 1961 पूर्वी शाळेत गेलेल्या काहींचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालेलं असतं. सगळ्या भाषा सारख्याच परत येतील असं नाही. जी भाषा आधी उमटेल तिला अडवू नका.

आता थोडं खाजगी. स्पर्श, जवळीक, रुसवा यांचे शब्दही गेलेले असतात, पण मुला-सुनेसमोर हे कोण विचारणार? थेरपिस्टकडे दहा मिनिटं दोघांनाच द्या म्हणून सांगा. बोट ठेवून सांगायच्या कार्डांच्या वहीत भात, औषध, बँक यांच्याबरोबर 'जवळ बस', 'आज नको', 'राग आलाय', 'मला एकटं राहू दे' ही पानंही करून घ्या, आणि ती वही उशाशी ठेवा. 'यातलं काहीच नाही' हे कार्ड विसरू नका. ते नसलं, की माणूस नाइलाजाने समोर असेल त्यावरच बोट ठेवतो.