पंखा फिरतोय, वारा कुठे चाललाय?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे डिजिटल तंत्रज्ञान आणि कौशल्यशिक्षण. नाव जरा जडच आहे, तेव्हा आपण थेट पंख्याकडे वळू.

२०२० साल, टाळेबंदी. माझा भाचा आयटीआयला, इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला. वर्कशॉपला कुलूप आणि प्रॅक्टिकल मोबाइलवर! त्यात ऐन मे महिन्यात घरातला सीलिंग फॅन जळाला. दुकानं बंद. पठ्ठ्या म्हणाला, रिवाइंडिंग, म्हणजे मोटरला नवी तार गुंडाळणं, मीच करतो. तांब्याची तार कुठूनशी पैदा केली आणि व्हिडिओ लावला. पहिली पाच मिनिटं ‘चॅनेलला सबस्क्राइब करा’. या मंडळींना कामाआधी एवढी आरती कशाला लागते, देव जाणे. पण पुढचं काम त्या माणसाने झकास दाखवलं होतं. जुनी कॉइल कशी काढायची, आटे कसे मोजायचे, खाचेत कागद कसा बसवायचा. भाचा थांबवायचा, मागे न्यायचा, परत बघायचा. वर्गात चौथ्यांदा विचारलं तर सर वैतागतात. मोबाइल वैतागत नाही. हे मी पुन्हा सांगतो, मोबाइल वैतागत नाही, आणि शिकणाऱ्याला याचं मोल फार असतं.

पंखा टांगला, बटण दाबलं. आवाज नाही, थरथर नाही, स्पीड उत्तम. टाळ्या झाल्या. आमची आई, म्हणजे त्याची आजी, खाली खुर्ची टाकून बसली. दोन मिनिटांनी म्हणते, “बाळा, पंखा फिरतोय खरा, पण वारा वरच्या मजल्यावरच्यांना चाललाय रे.”

पंखा उलटा फिरत होता! आपल्याकडचा सीलिंग फॅन खालून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. हा काट्यांबरोबर फिरत होता, म्हणजे वारा छताकडे. भाच्याने व्हिडिओ पुन्हा पाहिला. व्हिडिओतला पंखा सुलटाच फिरत होता, तो दुसरं काय सांगणार?

शेवटी सरांना व्हिडिओ कॉल. सर पहिलं वाक्य बोलले, “मेन स्विच बंद कर.” दुसरं, “आता कॅमेरा वायरींवर धर.” मोटरमधून तीन वायरी येतात: रनिंग आणि स्टार्टिंग या दोन कॉइलींची एकेक, आणि दोघींची मिळून एक, कॉमन. भाच्याने व्हिडिओतले रंग बघून जोडणी केली होती. सर म्हणाले, “रंगावर काय जातोस? मल्टिमीटर लाव.” तिन्ही जोड्यांचा रोध मोजला आणि उलगडलं: सप्लाय रनिंगऐवजी स्टार्टिंगच्या टोकाला दिला होता. टोकं बदलली. आजीचा पदर उडाला.

आता यात तंत्रज्ञान कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट? दोन्ही वेळा मोबाइल तोच. पहिल्या वेळी मोबाइल नुसता दाखवत होता, दुसऱ्या वेळी मोबाइलमधून कुणीतरी बघत होतं. एवढाच फरक.

दाखवण्याचं काम आपण फार पूर्वीपासून करतोय. १९७५ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम पोचले. टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर शाळेच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागायची. मोठी कामं आहेत ही, शंकाच नाही. पण प्रक्षेपण एका बाजूनेच जातं. मी इथे बोलतोय, तुमचा पंखा मला दिसत नाही. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स गावोगाव चालला, त्यामागे मला तरी हेच कारण दिसतं. केंद्रावर संगणकाशेजारी उभं राहून, तुमचं बोट चुकीच्या बटणावर गेलं की सांगणारं कुणीतरी असायचं. लोक आले नोकरीतल्या अटीपायी, पण शिकले. (वेतनवाढीशिवाय आपल्याकडे विद्येला गिऱ्हाईक नाही, पण तो विषय वेगळा.)

आयटीआयच्या मुलांसाठी ‘भारत स्किल्स’ या सरकारी पोर्टलवर अभ्यासक्रम, व्हिडिओ, प्रश्नसंच मोफत आहेत. जरूर वापरा. आणि पालकहो, मुलाच्या प्रवेशाला जाल तेव्हा स्मार्ट बोर्ड बघून हरखू नका. वर्कशॉप उघडून दाखवा म्हणा. एका बॅचमागे मल्टिमीटर किती आहेत ते मोजा, आणि सुट्टीत पोरांचे फोन उचलणारे सर कोण, ते जुन्या मुलांना विचारा. नमस्कार.