केसांवरचा थर आणि चित्ररथाची सकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

काल डोकं धुतलं आणि आज सकाळी केस परत चिकट. कंगव्याला पांढरट राप. शाम्पू घातला तरी फेस येत नाही. शहापूर असो, खानापूर असो, निपाणी असो, चार बायका जमल्या की ही तक्रार निघतेच, आणि मग दुकानात जाऊन बाटली बदलली जाते. बाटली कितीही बदला, केसांवर बसलेला थर तसाच राहतो. खोबरेल तेलाचा, कंडिशनरचा, सिरमचा, जेलचा, शिवाय बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. रोजच्या सौम्य शाम्पूला तो पुरता निघत नाही. त्यासाठी क्लॅरिफायिंग शाम्पू मिळतो. बाटलीवर तसंच लिहिलेलं असतं. महिन्यातून एकदा वापरायचा. पुन्हा सांगते, महिन्यातून एकदा. रोज नाही.

आता आमच्या गल्लीतली गोष्ट ऐका. बेळगावची शिवजयंती तुम्हाला ठाऊकच आहे. वैशाखात, तिथीप्रमाणे, आणि चित्ररथ रात्रभर गल्लोगल्ली फिरतात. (जिवंत देखावा बघायला म्हातारी माणसं कट्ट्यावर जागत बसतात आणि मागून डॉल्बीवाले येऊन त्यांची छाती धडधडवतात. डॉल्बी बंद करा, देखावे वाढवा, असं माझं जुनंच म्हणणं आहे. असो.) तर आमच्या मंडळाच्या रथावर जिजाऊ झाली होती शेजारची पीयूसीतली मुलगी. केस कमरेपर्यंत. वैशाखाची धग, पोरीचं डोकं तापेल, म्हणून आजीनं दुपारीच वाटीभर खोबरेल तेल जिरवलं. संध्याकाळी मेकअपवाला आला. तेलकट केसांवर खोपा टिकेना, मग त्यानं जेल थापलं, त्यावर स्प्रे, त्यावर चमकी. रात्रभर गुलाल उधळला तो वेगळाच.

सकाळी पोर घरी आली तेव्हा खोपा नारळाच्या सोडणासारखा झाला होता. पिन ओढली की पोर किंचाळायची. आजी आतून कपड्याचा सोडा घेऊन आली. तेवढ्यात कोपऱ्यावरची पार्लरवाली अक्का धावली.

"आजी, सोडा कशाला घालालाय? केस खरखरीत होतील की!"

"मग काय कात्री घालू गे?"

अक्कानं आधी एकेक पिन काढली. केसांना भरपूर कंडिशनर चोपडून थोडा वेळ ठेवला आणि रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर वर गुंता सोडवत नेला. मग क्लॅरिफायिंग शाम्पू. पहिल्या हाताला फेसच नाही, सगळा तेलानं गिळला. मोरीतनं लाल पाणी आणि चमकी वाहिली. आम्ही सगळ्या दारात उभ्या. दुसऱ्या हाताला मात्र असा पांढरा फेस आला की पोरीच्या आईनं हुश्श केलं. शेवटी टोकांना परत कंडिशनर. केस वाळले आणि सुटे झाले.

आजी हे सगळं बारकाईनं बघत होती. हळूच म्हणाली, "अक्का, माझ्या बी डोक्याला लाव की थोडा. वर्षानुवर्षं तेल साचलंय."

अक्कानं आजीचा अंबाडा सोडला, केस उजेडात धरले आणि विचारलं, "आजी, कलप लावता काय? ह्या शाम्पूनं रंग उतरतो हां."

दारातल्या सगळ्या गप्प. आजीचे काळेभोर केस म्हणजे शिकेकाईचा प्रताप, असं आम्हाला आजवर सांगितलेलं! आजी ताडकन उठली. "मेंदी असती ती!" म्हणाली आणि देवघरात गेली. मेंदीनं कुणाचे केस असे काळे झालेत? गल्लीला दिवाळीपर्यंत विषय पुरला.

आजीच्या कलपावरनं तुम्ही मात्र एवढं धरून ठेवा: केस रंगवलेले असतील, स्मूदनिंग किंवा केराटिन केलेलं असेल, तर ह्या शाम्पूपासून लांबच राहा. रंगवायच्या आदल्या दिवशी वापरला तर चालतो.

आता हा काम कसं करतो, थोडक्यात. शाम्पूच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि पाण्याबरोबर तेल निघून जातं. शिकेकाईतलं सॅपोनिनही हेच करतं, पण हळुवार. सिरममधलं डायमेथिकोन, म्हणजे केसांना चमक देणारं सिलिकोन, पाण्यात विरघळत नाही, ते शिकेकाईला दाद देत नाही. क्लॅरिफायिंगमध्ये मळ काढणारा भाग जोरदार असतो आणि केस मऊ करणारा कमी. म्हणूनच धुतल्यावर कंडिशनर लावायचाच. टाळूला नको, टोकांना.

बोअरच्या पाण्याचं थोडं वेगळं आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अंगाच्या साबणाशी मिळून चोथा तयार होतो, तो केसांना चिकटतो. साबणानं डोकं धुणाऱ्या पुरुषमंडळींनी हे विशेष ऐकावं. असले क्षार काढायचे तर बाटलीमागे ईडीटीए, म्हणजे क्षारांना धरून ठेवणारा घटक, लिहिलेलं आहे का बघा. शेवटचा तांब्या राकसकोप धरणातनं येणाऱ्या नळाच्या पाण्याचा घेता आला तर उत्तम. आणि घरची विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग करणाऱ्यांना काय म्हणावं, ते मी रेडिओवर बोलू शकत नाही.

डोक्याला खाज आहे, पापुद्रे पडतात, तर तो कोंडा असू शकतो. त्यावर हा शाम्पू औषध नव्हे. कोंड्याचा, केटोकोनॅझोलचा शाम्पू वेगळा असतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. बाकीच्यांनी, तिसऱ्यांदा सांगते, महिन्यातून एकदा. रोज तेल आणि जेल दोन्ही चालू असेल तर फार तर दोनदा.

नमस्कार.