लिहा, आपलं आपल्यासाठी

श्रोतेहो, नमस्कार.

मनातली गोष्ट मनातच फिरत राहते तोवर ती आपल्याला नीट दिसत नाही. कागदावर उतरली की ती एका जागी थांबते, आणि थांबली की तिच्याकडे बघता येतं. म्हणून आज मी एवढंच सांगणार आहे, की लिहा. छापायला नको, कुणाला दाखवायलाही नको. आपलं आपल्याला कळावं म्हणून लिहा.

लिहायचं म्हटलं की माणसं बिचकतात. "आम्ही काय लेखक आहोत का?" म्हणतात. अहो, ज्याला कापूस वेचणीच्या मजुरीचा आणि दुकानातल्या उधारीचा हिशोब वहीत मांडता येतो, त्याला लिहिता येतं. ही भीती आपल्यात शाळेनं घातली, असं माझं स्पष्ट मत आहे. 'माझी आई' हा निबंध फळ्यावरून उतरवून घ्यायचा, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांची आई एकसारखी! साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत, छात्रालय सांभाळत, तेव्हा मुलांसाठी रोज हातानं लिहून एक दैनिक काढत. मुलांनी रोज उठून ताजं, आपल्यासाठी लिहिलेलं काही वाचावं, ही केवढी मोठी गोष्ट! आज एखाद्या शाळेनं आठवड्याला एक पान जरी असं काढलं, तरी मी त्या शाळेला नमस्कार करीन. असो.

आता आप्पांची गोष्ट सांगतो. आप्पा आमचे शेजारी. बोरी नदीच्या काठचं आमचं गाव, आमचा ओटा आणि त्यांचा ओटा एकाला एक लागून. त्यांचा धाकटा भाऊ सुरतला कापडाच्या कामात. आपल्या खान्देशातल्या किती घरांतलं कुणी ना कुणी सुरतला आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोघांची विहीर सामाईक. विहिरीवरची मोटार जळाली, आप्पांनी नवी बसवली, आणि भावानं आपला निम्मा वाटा काही पाठवला नाही. झालं, आप्पांचं डोकं फिरलं. उठता-बसता मोटार, जेवताना मोटार. मोठी माय म्हणायची, भाकरीपेक्षा मोटारच जास्त खातात हे!

शेवटी ते गावातल्या शाळेच्या गुरुजींकडून पत्र लिहून घ्यायला गेले. गुरुजींनी निळ्या अंतर्देशीय पत्रावर 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' असं सुरू करून छान वळणदार मजकूर लिहिला. आप्पांनी ऐकला आणि मान हलवली. "हाई मन्हं नही शे, गुरुजी." पत्र खिशात घालून परत आले. मग पोराच्या दप्तरातली वही काढली, कंदील जवळ ओढला आणि स्वतः लिहायला बसले. चौथी शिकलेला माणूस. एकेक अक्षर जमिनीत खुंटी ठोकावी तसं ठोकत लिहायचे. रात्री मी ओट्यावर झोपायचो, तेव्हा त्यांच्या पेन्सिलीची कुरकुर ऐकू यायची.

काही दिवसांनी ती वही घेऊन आमच्या दादांकडे आले, "ऐक जरा" म्हणाले आणि वाचू लागले. पहिल्या पानावर हिशोब. मोटार इतक्याची, पाइप इतक्याचा, मिस्त्रीची मजुरी, टेम्पोचं भाडं. दुसऱ्या पानावर विहीर कुणी खणली, खडक कुणी फोडला, ते. तिसऱ्या पानावर मोटार नाही, विहीरही नाही. तिथं 1972चा दुष्काळ होता. दोघे भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होते. वडिलांनी ठरवलं, एकानं सुरतला जायचं. धाकट्याला पाठवलं, थोरल्यानं शेत सांभाळायचं. आणि खाली, पानाच्या अगदी शेवटी, एकच ओळ: "माले बी जानं व्हतं. कोन्ही इचारं नही."

आप्पा वाचता वाचता थांबले. तीच ओळ पुन्हा वाचली. मग दादांकडे बघून म्हणाले, "हाई माले बी माहीत नव्हतं."

ऐकलंत ना श्रोतेहो? लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं. इतके दिवस राग मोटारीचा वाटत होता आणि तो होता न विचारलेल्या एका प्रश्नाचा. बोलताना हे कधी आलं नसतं, कारण बोलताना समोरचा मध्येच तोंड घालतो आणि आपण पुन्हा मोटारीवर येतो. वही मध्ये बोलत नाही.

त्या श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या सणाला, भाऊ गावी आला. हिशोब झालाच, निम्मे पैसे आप्पांनी वसूल केलेच, आणि बरोबरच केलं. पण त्या वेळी त्यांचा आवाज चढला नाही. तिसरं पान त्यांनी भावाला दाखवलं की नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही.

हे नुसतं आमच्या गावापुरतं नाही बरं. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या चकरा पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र लिहिल्या लिहिल्या त्यांना आधी जड वाटलं होतं. तुम्हालाही वाटेल. घाबरू नका. फार त्रास व्हायला लागला तर वही मिटा आणि जवळच्या माणसाशी बोला.

तर पुन्हा सांगतो: घडलं ते लिहा, आणि काय वाटलं तेही लिहा. साधी शाळेची वही पुरे. घरात ज्या बोलीत भांडता, रडता, त्याच बोलीत लिहा, अहिराणी असो, लेवा गणबोली असो. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

आणि घरात कुणाला लिहिता येत नसेल, तर? आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून लिहून ठेवल्या, म्हणून 1951मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक होऊ शकलं. तेव्हा आज रात्री आजीजवळ वही घेऊन बसा. ती बोलेल तसंच उतरवा, तिची भाषा सुधारू नका. लिहून झालं की तिला वाचून दाखवा, आणि "असं नही" म्हणाली तर पुन्हा लिहा.

नमस्कार.